व्हॅम्पायरवर लिहिताय? मग आधी या चुका टाळा

मराठीत हल्ली व्हॅम्पायरवर बरंच काही येतं, कथा, ऑडिओ गोष्टी, माहितीचे व्हिडिओ, आणि मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून मी सगळं वाचते ऐकते. पण "युरोपातल्या जुन्या लोकसमजुतीनुसार" म्हणून जे सांगतात ना त्यातलं पुष्कळसं समजुतीत नाहीच, ते कादंबरी आणि सिनेमातून आलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हॅम्पायरला किल्ल्यातला सरदार करणं. गावातल्या लोकांचा व्हॅम्पायर त्यांच्याच आळीतला असायचा, नुकताच वारलेला, नावानिशी माहीत असलेला. सर्बियातल्या किसिल्येवो गावची 1725 ची गोष्ट घ्या. पेतार ब्लागोयेविच नावाचा साधा गावकरी वारला, त्याला पुरून दहा आठवडे झाले आणि मग आठ दिवसांत नऊ माणसं गेली, आजारी पडली की चोवीस तासांत खेळ खलास, आणि मरताना ती सांगत होती की पेतार रात्री येऊन अंगावर पडतो आणि गळा दाबतो. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, म्हणून गावकरी फ्रोमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याकडे गेले की थडगं उघडायची परवानगी द्या नाहीतर आम्ही गाव सोडतो. त्याने हे सगळं लिहून वरती कळवलं म्हणून आज आपल्याला माहितीये.

आता यातच दुसरी चूक सापडते. गळा दाबतो म्हणाले, मानेला चावतो नाही म्हणाले. छातीवर दडपण, श्वास कोंडणं, रात्री कोणीतरी उरावर बसल्यासारखं वाटणं, तक्रार अशी असायची. मानेवरचे दोन ठिपके तुमच्या गोष्टीत हवे असतील तर खुशाल ठेवा, फक्त ते जुन्या समजुतीच्या नावावर खपवू नका.

पांढराफटक, हडकुळा व्हॅम्पायर हीसुद्धा चूकच, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण खरं कोडं इथेच सुटतं. थडगं उघडलं की लोकांना दिसायचं ते फुगलेलं, तांबूस अंग, तोंडाशी रक्त, जुनी कातडी सोलून खाली नवी आल्यासारखी, नखंही नवी. पेतारच्या बाबतीतही तोंडातलं रक्त, नवी कातडी, नवी नखं असंच लिहिलंय, आणि छातीत टोकदार खुंटी ठोकल्यावर कानातोंडातून रक्त आलं मग त्याला जाळला. हे लोक खोटं बोलत नव्हते हो, जे दिसलं तेच सांगत होते. प्रेत सडताना पोटात गॅस धरतो, अंग टम्म होतं, आतला लालसर काळा द्रव दाबाने नाकातोंडातून बाहेर येतो, वरची कातडी सुटते, नखं गळतात आणि खालचा भाग ताजा वाटतो. खुंटी ठोकली की कोंडलेली हवा बाहेर पडताना कण्हल्यासारखा आवाजही येऊ शकतो. त्यात थंडी असली तर प्रेत उशिरा सडतं. म्हणून "अडाणी लोक" म्हणून हसून मोकळं होऊ नका. घरामागून घर आजारी पडतंय, कारण कळत नाही आणि पहिला गेलेला माणूस थडग्यात ताजातवाना दिसतोय, अशा वेळी त्यांनी काय समजायचं होतं?

सर्बियातल्याच मेदवेजा गावचा अर्नाउत पावले तर गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला, पण जिवंतपणी तो सांगायचा की एक व्हॅम्पायर मला त्रास देत होता, त्यावर उपाय म्हणून मी त्याच्या थडग्याची माती खाल्ली आणि त्याचं रक्त अंगाला लावलं. पुढे तिथे परत मृत्यू सुरू झाले तेव्हा फ्ल्युकिंगर नावाच्या लष्करी सर्जनने जाऊन थडगी तपासली, 1732 च्या जानेवारीत रिपोर्ट दिला आणि ती बातमी युरोपभर पसरली. शेवटी 1755 मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाने आपल्या डॉक्टरांकडून अहवाल मागवून प्रेतं उकरणं, जाळणं यावर बंदी आणली.

ऊन लागलं की व्हॅम्पायर नष्ट होणं हे 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून आलं, 1897 च्या कादंबरीतला ड्रॅक्युलासुद्धा दिवसा हिंडतो. व्हॅम्पायरचं वटवाघूळ होण्याचंही तसंच, रक्त पिणारी वटवाघळं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतात, त्यांना हे नाव युरोपीय लोकांनी नंतर दिलं. आणि ड्रॅक्युलाशी ज्याचं नाव जोडतात तो वालाकियाचा, म्हणजे आजच्या रोमेनियातल्या एका भागाचा, व्लाद क्रूर राजा होता हे खरं, पण तो व्हॅम्पायर होता असं त्याच्या मुलखात कोणी मानत नव्हतं.

सगळ्या देशांना एकच नाव लावू नका. ग्रीसचा व्रिकोलाकास दारं वाजवतो, घरात धिंगाणा घालतो, रक्त पिणं हे काही त्याचं मुख्य काम नाही. जर्मनीचा नाख्झेरर थडग्यातच पडून आपलं कफन चावतो आणि तिकडे त्याचे नातेवाईक खंगत जातात. आणि आपला वेताळ म्हणजे व्हॅम्पायर नव्हे! ब्रिटिश लेखक रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणताना तो शब्द वापरला आणि ते तसंच चालू राहिलं, पण कोकणात, गोव्यात वेताळ गावचा राखणदार आहे, त्याला नारळ देतात, त्याला खुंटी कोण ठोकेल?

राहिला तो देखणा, प्रेमात पाडणारा व्हॅम्पायर. मेलेला नवरा बायकोकडे येतो अशी समजूत होतीच, आजच्या क्रोएशियातल्या इस्त्रिया भागातल्या क्रिंगा गावचा युरे ग्रांदो 1656 ला वारला आणि सोळा वर्षं बायकोला छळत राहिला असं सांगतात, पण त्यात प्रेमाचं काही नव्हतं. पेतारची बायकोही म्हणाली होती की तो रात्री घरी आला आणि माझ्या वहाणा दे म्हणून मागायला लागला. ती बाई ते गाव सोडून दुसऱ्या गावी निघून गेली.