परमिट रूम आणि करमणुकीचा परवाना: आधी टेप, मग फाईल

साताऱ्यात पोवई नाक्यापासून हायवेपर्यंत कुठंही हॉटेलसाठी जागा बघायला जा, मालक एक वाक्य हमखास ऐकवतो, "इथं परमिट रूमला काही अडचण नाही." त्या वाक्यावर इसार देऊ नका. परवाना मिळणार की नाही, याचा निम्मा निकाल जागा ठरते तेव्हाच लागलेला असतो. अर्ज, शिक्के, सह्या हे सगळं नंतरचं.

कोणता परवाना?

बसून प्यायची सोय असलेल्या हॉटेलला एफएल-3 लागतो. लोक त्यालाच परमिट रूम म्हणतात. वाईन शॉप म्हणजे एफएल-2, तो वेगळा. त्याचे नवे परवाने कित्येक दशकं बंद आहेत, जुनेच हस्तांतरित होतात. एफएल-3 मात्र आजही नव्यानं मिळतो. मूळ कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. नावातच दारूबंदी असल्यानं विक्री हा तुमचा हक्क नसून सरकारनं अटींवर दिलेली सवलत आहे, हे लक्षात ठेवूनच कामाला लागा.

जागा मोजा

शाळा-कॉलेज, धार्मिक स्थळ आणि एसटी स्टँड यांच्यापासून 75 मीटरच्या आत परवाना मिळत नाही. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजत नाहीत. तुमच्या दाराच्या मध्यापासून, माणूस नेहमी पायी जातो त्या जवळच्या वाटेनं, समोरच्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत टेप धरतात. कुंपणच नसेल तर तिच्या प्रवेशदारापर्यंत. त्यामुळे दार पुढच्या रस्त्यावरून बाजूच्या बोळात नेलं तरी हिशेब बदलू शकतो. पण ते दार नकाशात आणि वापरात खरंच असायला हवं. तपासणीपुरतं उघडलेलं दार निरीक्षकाला लगेच कळतं.

शुक्रवार पेठ, चिमणपुरा अशा जुन्या भागात दर दोन गल्ल्यांमागे एक देऊळ आहे. प्रत्येक घुमटी नियमात बसत नाही; नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची देवस्थानं प्रामुख्यानं मोजली जातात. तेव्हा धर्मादाय कार्यालयात नोंद पाहून घ्या. तरीही माझं मत विचाराल तर देवळाच्या आळीत हा धंदा थाटूच नये. कागद जिंकाल, पण शेजार कायमचा विरोधात जाईल.

बाहेरच्या बाजूला पुणे-बंगळुरू महामार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयानं 15 डिसेंबर 2016 ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मार्च 2017 मध्ये वीस हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर झालं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई लागू नाही, असा खुलासा आला. म्हणून हद्द कुठं संपते हे साताऱ्यात फार महत्त्वाचं. हद्दवाढीत शाहूपुरीसारखा भाग नगरपालिकेत आला. जागा ग्रामपंचायतीत आहे की पालिकेत, याचा दाखला लेखी घ्या. मालकाच्या तोंडी ग्वाहीला इथं किंमत नाही.

कागदांचा गठ्ठा

जागेचा सिटी सर्व्हे उतारा किंवा सातबारा, नोंदणीकृत भाडेकरार, बांधकाम मंजुरी आणि भोगवटा दाखला, पालिकेचा ना हरकत दाखला, अग्निशमन दाखला, अन्न परवाना, जीएसटी नोंदणी, पोलिसांचा चारित्र्य दाखला. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना पुरते, नोंदणी लागत नाही. इमारत सोसायटीची असेल तर तिची संमती आधीच मिळवा.

यातला नकाशा सगळ्यात नडतो. जेवणाची जागा, परमिट रूम, काउंटर, माल ठेवायची खोली हे सगळं त्यात वेगवेगळं दाखवायचं असतं. मंजूर नकाशाबाहेर एक टेबल जरी लावलं तरी तो अटींचा भंग ठरतो. गच्ची किंवा लॉन पुढं वापरायचा विचार असेल तर आजच आर्किटेक्टला सांगा.

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन करायचा. निरीक्षक जागेवर येऊन मोजमाप आणि पंचनामा करतात, पोलिसांचं मत मागवलं जातं, अधीक्षक प्रस्ताव पुढं पाठवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. फी गावाच्या लोकसंख्येनुसार ठरते, त्यामुळे पुण्यातल्या मित्राचा आकडा धरून बजेट करू नका.

शेजारच्या बायकांशी बोलणं कोणी सुचवत नाही, पण ते करा. प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होऊ शकतं आणि आडवी बाटली, म्हणजे दारू बंद करण्याची बाजू, जिंकली की परवाना जातो. रस्त्यावरचं पार्किंग आणि रात्रीचा आरडाओरडा या दोन गोष्टी सांभाळल्या तर बहुतेक तक्रारी उगवतच नाहीत.

गाणं वाजवायचं असेल तर

एफएल-3 हातात आला म्हणजे ऑर्केस्ट्रा बसवायला मोकळे झालो, असा समज सर्रास दिसतो. तो चूक आहे. करमणुकीचा परवाना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 खालच्या नियमांनुसार निघतो. आयुक्तालय असलेल्या शहरात तो पोलीस आयुक्त देतात. साताऱ्यात आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. जागेचा परवाना वेगळा आणि कार्यक्रमाचा वेगळा, हेही लक्षात घ्या.

रेकॉर्डेड गाणी लावलीत तर कॉपीराइटचा परवाना लागतो. त्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, म्हणजे साध्या गप्पांहूनही कमी. ध्वनिरोधक हॉल बांधणं महाग वाटतं, पण रोजच्या तक्रारींपेक्षा स्वस्त पडतं.

नृत्याचा कार्यक्रम असेल तर 2016 चा स्वतंत्र कायदा आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या काही अटी रद्द केल्या, पण संध्याकाळी 6 ते रात्री 11:30 ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. जेवणाचं चांगलं हॉटेल चालवायचं असेल तर मी या वाटेला जाणार नाही.

परवाना भिंतीवर लागल्यावर

बार सांभाळणाऱ्या प्रत्येकाचं नाव नोकरनाम्यात घाला. नवा वेटर ठेवला आणि नोंद राहिली, तर तपासणीत पहिला मुद्दा तोच निघतो. बिअर-वाईनसाठी ग्राहकाचं वय 21, बाकी मद्यासाठी 25. पिणाऱ्याकडेही परवाना हवा, म्हणून एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक काउंटरवर असू द्या. माल फक्त परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून, वाहतूक पासासह घ्या. दारू जीएसटीत नाही. परमिट रूममध्ये तिच्यावर 1 नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के व्हॅट आहे, तेव्हा बिलात जेवण आणि दारूचा कर वेगळा दाखवा. 2 ऑक्टोबरला विक्री बंद, आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे 48 तासही बंद.

परवान्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. भागीदार बदलायचा असेल तर आधी परवानगी घ्या, सह्या नंतर करा. फेब्रुवारीतच नूतनीकरणाची फी बाजूला काढून ठेवा, कारण मार्चअखेरीस जिल्ह्यातले सगळेच परवानाधारक एकदम चलन भरायला बसतात.