मे महिन्यातल्या नवरीचा घागरा-ब्लाऊज: कापड घेताना

आपल्याकडे लग्नसराई ऐन उन्हाळ्यात. पारा पंचेचाळीसकडे, लग्न मांडवात, आणि कूलरचा वारा पाहुण्यांपर्यंतच. म्हणून दुकानात रंगाआधी अस्तर ठरवा. अंगाला लागतं ते तेच. पॉलिएस्टरचं अस्तर घाम शोषत नाही, काखेत-पाठीवर ओल थेट वरच्या कापडावर उमटते. ब्लाऊजच्या अस्तराला सुती केंब्रिक, म्हणजे पातळ घट्ट विणीचं सुती कापड घ्या, एक मीटर. गडद रंगाचं असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रंग रुमालाला लागला, तर घामानेही सुटणार.

हे अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, इस्त्री करा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, मग शिलाईजवळ चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

ब्लाऊजच्या वरच्या कापडात भंडारा-गडचिरोलीकडचा टसर, म्हणजे टसर रेशीम, आमच्या मते सगळ्यात चांगला. पण टसर म्हणून बरंच काही विकलं जातं. काठाजवळचा एक उभा आणि एक आडवा धागा मागून घ्या, दोन्ही वेगवेगळे जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. फक्त आडवा धागा तपासून फसगत होते, कारण कधी कधी उभा नकली असतो. टसरचे धागे कापलेल्या कडेने सुटतात, घट्ट शिलाईवर सरकतातही. म्हणून माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडायचं कापड, एक इंच ठेवा, कडा मशीनवर इंटरलॉक करून बंद करा, आणि ब्लाऊज अगदी तंग बेतू नका.

घागऱ्याला कापड किती, हा हिशेब बुट्टीवर, म्हणजे कापडावरच्या नक्षीवर, अवलंबून आहे. बारा कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे घेराचे तुकडे, कापायची उंची ४२ इंच, शिलाईची माया धरून कळी वर साडेतीन आणि खाली ११ इंच, कंबर ३० च्या आसपास. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल, तर कळ्या एक सुलटी एक उलटी मांडून एका ओळीत पाच बसतात. तीन ओळी, म्हणजे साडेतीन मीटर पुरे. मोर, कोयरी किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर कळी उलटी लावता येत नाही. मखमलीचंही तसंच, उलटी कळी वेगळ्या छटेची दिसते. मग चार कळ्यांना अख्खा पन्हा लागतो, काठ सोडता येत नाही, म्हणून ओळीत तीनच कळ्या, चार ओळी, साडेचार मीटर. हा जादा एक मीटर दुकानातच लक्षात घ्या. नंतर नेलेला तुकडा दुसऱ्या ताग्यातला निघतो आणि छटा जुळत नाही. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, तागा दारात उन्हात आणायला सांगा.

जरीच्या काठावर इस्त्री उलट्या बाजूने, सुती कापड ठेवून, आधी उरलेल्या तुकड्यावर फिरवून बघा. नकली जरी जास्त तापली की आक्रसते आणि काठ वाकडा होतो.