घरच्या घरी मस्कार्पोने

मस्कार्पोने हे उत्तर इटलीतील लोम्बार्डी प्रांतातले, लोदी आणि आब्बियातेग्रास्सो या परिसरातले मऊ चीज आहे. त्याला विरजण, रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारे विकर) किंवा मीठ लागत नाही. क्रीम तापवून त्यात थोडे आम्ल घातले की पुरते. नागपुरात ते सहज करता येते, फक्त क्रीम नीट पारखून घ्यावे.

घरी आठवडाभर साठवलेली साय घेऊ नये, कारण ती आंबूस झालेली असते व तापवताच फाटते. बेकरीच्या सामानाच्या दुकानांत मिळणारे वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीमही चालत नाही. डेअरीवर यंत्राने काढलेले ताजे क्रीम किंवा दुधापासून केलेले पाकिटातील बिनसाखरेचे क्रीम घ्यावे. त्यात किमान 25 टक्के स्निग्धांश हवा; 35 टक्के असल्यास चीज अधिक दाट होते.

अर्धा लिटर क्रीम जाड बुडाच्या भांड्यात घेऊन, ते भांडे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवावे आणि क्रीम हलवत हलवत 85 अंश सेल्सियसपर्यंत तापवावे. उकळी येऊ देऊ नये. मग एक मोठा चमचा गाळलेला लिंबाचा रस घालून, तेच तापमान राखत, आणखी पाच मिनिटे हलक्या हाताने ढवळावे. पनीर करणाऱ्याचा हात नेमका येथे चुकतो. पनीरसारखे दाणे आणि हिरवट पाणी वेगळे होण्याची वाट पाहत तो आणखी लिंबू पिळतो, आणि चीज आंबट व रवाळ होते. क्रीममध्ये प्रथिने थोडी आणि स्निग्धांश भरपूर असल्यामुळे येथे गोळे बनत नाहीत. उष्णता आणि आम्ल यांमुळे प्रथिनांचे जे नाजूक जाळे तयार होते, ते स्निग्धांश धरून ठेवते. चमच्याच्या पाठीवर पातळ कस्टर्डसारखा थर बसला आणि त्यावरून बोट फिरवल्यावर रेघ टिकली की आच बंद करावी.

मिश्रण कोमट झाल्यावर चाळणीत चौपदरी सुती कापड घालून त्यात ओतावे, खाली भांडे ठेवावे आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. श्रीखंडाच्या चक्क्याप्रमाणे पुरचुंडी बाहेर टांगण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा. चक्क्यात दह्याची आंबटाई असते, मस्कार्पोनेत तसे संरक्षण फारसे नसते, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे सरकत असताना, ते बाहेर ठेवणे म्हणजे नासवणेच होय. पाणी थोडेच गळते; तेवढ्यावरून चीज बिघडले असे समजू नये.

तयार चीज तीन-चार दिवसांत संपवावे. ते गोठवू नये, आणि वापरताना यंत्राने फेटू नये, कारण जास्त फेटल्यास त्याचे लोणी सुटते. तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात ते कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांच्या थरांमध्ये जाते. मूळ कृतीत कच्ची अंडी असतात, म्हणून लहान मुले व गर्भवतींसाठी अंड्याविना करावे. मला मात्र आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या, संत्र्यांबरोबर ते सर्वांत आवडते: फोडींवरची पांढरी साल पूर्ण काढून, थोडी पिठीसाखर मिसळलेले चीज त्यांवर घालावे, रस मात्र आत मिसळू नये, कारण त्याने ते पातळ होते. तिखट पदार्थांत घालायचे असल्यास टोमॅटोच्या सॉसमध्ये किंवा रिसोत्तो या इटालियन मऊ भातामध्ये आच बंद केल्यावर दोन चमचे मिसळावे.