बुडालेल्या खंडाचा मेसेज आला तर तो कसा तपासावा

ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून हा मेसेज येतोच: हिंदी महासागरात लेमुरिया नावाचा खंड बुडाला, तिथं महाकाय, ज्ञानी माणसं राहत होती आणि आता विज्ञानानंही ते मान्य केलंय.

आधी त्याचे दोन तुकडे करा. जमीन होती का, हा एक दावा. तिच्यावर माणसं होती का, हा दुसरा. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो, सगळी मेख तिथंच आहे.

मग दावा पहिल्यांदा कुणी आणि कशावरून केला ते शोधा. 1864 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांना लेमरांचे (माकडांसारख्या प्राण्यांचे) भाऊबंद मादागास्कर आणि भारत दोन्हीकडे आढळतात, याचं कोडं पडलं होतं. मधे जमीन असावी, हा त्यांचा तर्क; लेमरांवरून तिचं नाव लेमुरिया. तिथल्या संस्कृतीबद्दल त्यात चकार शब्द नाही. अंडी घालणारे लेमुरियावासी आणले थिऑसॉफिकल सोसायटीच्या सहसंस्थापक, गूढवादी लेखिका मादाम ब्लाव्हात्स्की यांनी, 1888 मध्ये, तेही इतर कुणी कधी न पाहिलेल्या ग्रंथाच्या हवाल्यानं! अटलांटिस या बुडालेल्या म्हटल्या जाणाऱ्या भूमीचंही तसंच: ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या आधी त्याचा कुठेच उल्लेख नाही.

आता दगड बघा. महासागराचा तळ बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या जड खडकाचा असतो, खंडांचा पाया ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचा. (ठाण्याजवळच्या पारसिकच्या टेकडीचा काळा पत्थरही बेसॉल्टच, पण तो खंडावर पसरलेला लाव्हा.) मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, जेमतेम 90 लाख वर्षांचं. तरी 2013 मध्ये तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉनचे (ग्रॅनाइटसारख्या खडकांत आढळणाऱ्या टिकाऊ खनिजाचे) कण मिळाले, कोट्यवधी वर्षं जुने, बेटाच्या वयाच्या कितीतरी पट. म्हणजे खाली जुन्या खंडाचा तुकडा असावा. 'हरवलेला खंड सापडला' ही बातमी इथपर्यंत ठीक आहे.

पण लगेच तारखा शेजारी मांडा. भारत मादागास्करपासून सुटला, त्या फाटाफुटीत हा तुकडा मधे राहिला; ती सुरू झाली सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी. आपली मानवजात सुमारे 3 लाख वर्षांची. रहिवाशांचा प्रश्न इथंच मिटतो. शिवाय स्क्लेटर यांचं कोडंही भूखंड सरकतात हे कळल्यावर खंड न बुडवता सुटू लागलं.

जमीन खरोखर पाण्याखाली गेली तर काय उरतं, याचा नमुना जवळच आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे मिळाले, मुळांसकट, काही उभेच. किनारे बुडतात हे खरंच आहे. गेल्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. माणसांनी पाणी चढताना पाहिलं असणार. मात्र किनारपट्टी गेली म्हणजे खंड गेला असं होत नाही.

ग्रुपवर उत्तर देताना लांबलचक वाद घालू नका, एवढंच विचारा: त्या ज्ञानी माणसांची खापरं, चुली, हाडं, उकिरडे कुठं मिळाले? ठिकाण आणि खोदणाऱ्याचं नाव आलं, तर पुढचं वाचा.