स्पीकरच्या बॉक्सला रंग मारायच्या आधी कोणती पुट्टी भरायची?

लग्नसराई संपली की आपल्याकडं डीजेवाल्यांचे, मंदिराचे, भजनी मंडळाचे बॉक्स रंगाला निघतात, गणपतीच्या आधी तर लईच. आणि मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन सगळे एकच मागतात, "लाकडाची पुट्टी द्या." दुकानदार समोर जो डबा असंल तो देतो. पण कोपरा फुटलाय, स्क्रूचं भोक ढिलं झालंय का नुसते ओरखडे आहेत, प्रत्येकाला माल वेगळा लागतो, त्यामुळं आधी बॉक्स उन्हात आडवा टाकून नीट बघा.

बॉक्स कशाचा आहे ते पण बघा. स्पीकर काढला की भोकाच्या कडेला कळतं, थर दिसले तर प्लाय, भुशाचे जाडे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, आणि तपकिरी एकसारखं दिसलं तर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड). स्पीकर काढायचाच हं, घासायची धूळ कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) आत गेली तर नंतर आवाज खरखरतो, आणि काढताना वायरीचं प्लस-मायनस पेनानं लिहून ठेवा.

आता खड्डे. कडेचा चिरा, जोड उघडलाय, छोटे टवके, याला फेविकॉल आणि बारीक भुसा. सुताराकडं भुसा फुकट मिळतो, चाळून घ्यायचा. कालवून दाबून भरा आणि थोडं वर ठेवा, कारण वाळताना ते खाली बसतं. पॉलिश करायचं असंल तर याचा डाग दिसतो, पण आपल्याला रंगच मारायचाय, मग चालतंय.

मोठे खड्डे, सपाट भागावरचे घाव, घासलेल्या कडा, यांना माझं मत विचाराल तर गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची पुट्टी, डब्यासोबत हार्डनरची छोटी ट्यूब येते ती. कडक होते, खाली बसत नाही आणि घासून एकदम सपाट येते. लिंबाएवढ्या पुट्टीला एक-दोन शेंगदाण्याएवढा हार्डनर, रंगाची एक पण रेघ दिसू नये इतकं पत्र्यानं घोटायचं. लवकर वाळावी म्हणून हार्डनर जास्त घालणारे लई भेटतात, त्यानं ती ठिसूळ होते आणि वरून त्याचा रंग पेंटमधून डोकावतो. मे महिन्यात लातूर-नांदेडच्या उन्हात ही पुट्टी हातातच दगड व्हायलीय, म्हणून सकाळी लवकर, सावलीत, आणि एका वेळी थोडीच कालवा. खड्डा खोल असंल तर दोन-तीन थरात भरा. वास जबर असतो, दार उघडं ठेवा. जुना सुटलेला रंग आणि तेलकटपणा काढल्याशिवाय ती धरत नाही, 80 नंबरच्या घासायच्या पेपरनं खरबरीत करून घ्या.

गाडीच्या रंगाच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोजची) पुट्टी पण मिळते, ती फक्त शेवटच्या बारीक ओरखड्यांना, पातळ हात. जाड भरली की तडकते.

कोपरा पूर्ण उडालाय? तिथं नुसती पुट्टी लावली तर पुढच्या वरातीत टेम्पोत चढवताना परत जाईल. उरलेल्या लाकडात दोन-तीन छोटे स्क्रू अर्धवट बसवा, डोकी वर राहू द्या, आणि त्याच्यावर एमसीलचे दोन्ही भाग एकजीव मळून कोपऱ्याचा आकार द्या. ओल्या बोटानं गुळगुळीत करता येतं. रात्रभर ठेवा, मग घासा. कोपऱ्याला शेवटी पत्र्याचं कॉर्नर ठोकणार असाल तर एवढं कष्ट कशाला, लाकूड ठीक करून वर कॉर्नर ठोका.

हँडलचे, जाळीचे स्क्रू ढिले झाले असतील तर तिथं कुठलीच पुट्टी नको, दोन दिवसांत आवाजाच्या हादऱ्यानं परत सुटतंय. भोक थोडं मोठं करा, फेविकॉल लावून लाकडाची गुल्ली ठोका, वाळल्यावर सपाट कापून नव्यानं ड्रिल मारा.

भिंतीची पुट्टी घरात उरलीय म्हणून लावायलेत बरेच जण. नका लावू. ती सिमेंटची असती, पाण्यात कालवावी लागते, एमडीएफच्या कडेनं पाणी पिलं की कड फुगते आणि बासचा दणका बसला की चिरा पडतात. एमडीएफच्या कापलेल्या कडेला कुठल्याही कामाआधी सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या पातळ लेपाचा) एक हात मारा, वाळू द्या, घासा, परत एक. फुगलेला भाग भुसभुशीत असंल तर खरडून काढा, त्याच्यावर भरलेलं काहीच टिकत नाही.

घासायचं लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, हातानं घासलं तर पुट्टीच्या बाजूचं लाकूड मऊ म्हणून जास्त झिजतं आणि मधी फुगवटा राहतो. 120, मग 180, शेवटी 220. तोंडाला रुमाल नव्हे, मास्क.

मग प्रायमरचा एक हात मारून अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरून बघा. राहिलेला प्रत्येक खड्डा सावली टाकतो. तिथं एनसी पुट्टीचा पातळ हात, घासणं, परत प्रायमर, आणि मगच काळा रंग.