नामपट्टी नसलेल्या जुन्या इंजिनाची ओळख

नामपट्टी गळून पडलेले जुने एक-सिलिंडर इंजिन हाती आले, तेव्हा मॅग्नेटोवरील (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागावरील) नावावरून निष्कर्ष काढण्याचे मी टाळले, कारण मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचे असतात. ओतीव भागांवरचे उठावदार आकडेही बहुधा त्या भागाचे असतात, इंजिनाचे नव्हेत. व्हॉल्व्ह नव्हते, सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे) होते, म्हणजे टू-स्ट्रोक. क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीचे कवच) रॉकेलने आणि मऊ पितळी ब्रशने स्वच्छ करून (अशा जागी पॉलिश पेपर कधीही वापरू नये) त्यावर खडू घासला आणि बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकला, तेव्हा ठोकलेली अक्षरे स्पष्ट दिसू लागली. इंजिन व्हिलियर्स या ब्रिटिश कंपनीचे निघाले; तिच्या जुन्या इंजिनांत क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे मॉडेल सांगतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) मोजून काढलेली क्षमताही त्या मॉडेलशी जुळली आणि योग्य गॅस्केट मागवता आले.