डीव्हीडीच्या प्रती काढताना या चुका टाळा
घरच्या एका कार्यक्रमाच्या वीस डीव्हीडी मी एका संध्याकाळी काढल्या होत्या. प्रत्येक डिस्क प्लेअरमध्ये घालायची, मेनू आला आणि पहिलं दृश्य चाललं की पाकिटात. दोन दिवसांनी फोन सुरू झाले, ‘अरे, शेवटी शेवटी अडकतंय.’ वीसपैकी सात प्रतींनी शेवटच्या पंधरा मिनिटांत मान टाकली होती. सुरुवात मात्र सगळ्यांची ठणठणीत!

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. डिस्कवर ‘१६एक्स’, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट, लिहिलेलं असलं तरी बहुतेक रायटर (डिस्क लिहिणारे ड्राइव्ह) आतल्या बाजूला साडेसहा-सात एक्सने सुरू होतात आणि सोळाचा वेग थेट कडेला गाठतात. म्हणजे सगळ्यात घाईचं लिखाण सगळ्यात नाजूक जागी होतं. डिस्क वाकलेली असेल तर कडेलाच जास्त, बोटांचे ठसेही तिथेच. म्हणून पहिली चूक म्हणजे वेग ‘मॅक्सिमम’वर सोडणं. ८एक्स ठेवा. भरलेल्या डिस्कमागे दोन-चार मिनिटं जास्त जातात, एवढंच. पण अगदी १एक्सवरही उतरू नका; हल्लीच्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात.

दुसरी चूक, डिस्क काठोकाठ भरणं. पाकिटावरचे ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. कॉम्प्युटर तेच ४.३८ दाखवतो. मी ४.२ च्या आसपास थांबतो. मग काठ कोरा राहतो आणि निम्मी कटकट आपोआप जाते.

प्रतीवरून प्रत काढायची सवयही सोडा. व्हीएचएस टेपसारखं चित्र दरवेळी फिकट होत नाही हे खरं, पण ओरखडा असलेली डिस्क वीस वेळा वाचायला लावली तर एखाद्या वेळी ड्राइव्ह अडखळणारच. मूळ डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, एकदाच हार्ड डिस्कवर काढा, ती शेवटपर्यंत चालवून बघा आणि सगळ्या प्रती तिच्यावरून लिहा. इमेज पेन ड्राइव्हवर घेताना जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं, तर तो ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट करण्याआधी आतलं सामान मात्र हलवा.

एमपी४ फाइल नुसती ओढून डिस्कवर टाकली की कॉम्प्युटरवर चालते, जुन्या प्लेअरवर नाही. त्याला व्हिडिओ_टीएस फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइली लागतात. बर्न करताना, म्हणजे डिस्क लिहिताना, ‘डेटा’ नाही, ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ निवडा. कॅमेऱ्यातली मूळ डिस्क दुसरीकडे कोरी दिसत असेल तर ती बहुधा फायनलाइज केलेली नाही, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून शेवटी बंद केलेली नाही. ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केली त्यावरच ते काम करून घ्या. आणि वाटायला आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क वापरू नका, तिचा परावर्तित प्रकाश कमी असतो, जुन्या प्लेअरना ती वाचताना त्रास होतो.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवर सहसा कुलूप असतं आणि हक्क दुसऱ्याचे असतात. त्या वाटेला जाऊ नका. इथलं सगळं आपण स्वतः चित्रित केलेल्या सामानाबद्दल आहे.

कागदी स्टिकर लावायचा मोह मलाही झाला होता. जरा तिरका बसला की फिरताना डिस्क थरथरते, शिवाय ऊब लागली की कागद डिस्कला ओढतो. मऊ टोकाचा डिस्क मार्कर पुरतो. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे वरून थोडं संरक्षण असतं. व्हीसीडीसाठी वापरतो त्या सीडीत मात्र तो छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो, तिथे बॉलपेन म्हणजे थेट मजकुरावर घाव.

अडचण आलीच तर आधी विचारा, कितव्या मिनिटाला थांबतं? सगळ्या प्रती एकाच मिनिटाला थांबत असतील तर दोष इमेजमध्ये आहे, ती नव्याने काढा. मिनिटं वेगवेगळी असतील तर डिस्क किंवा वेग. एकाच घरातल्या प्लेअरवर अडत असेल, बाकी ठिकाणी नाही, तर त्यांना डीव्हीडी+आरऐवजी डीव्हीडी-आरवर (कोऱ्या डिस्कचे हे दोन प्रकार, पाकिटावर लिहिलेले असतात) एक प्रत काढून द्या. सलग पाच-सहा डिस्क झाल्या की ड्राइव्हला दहा मिनिटं विश्रांती द्या, ‘व्हेरिफाय’ची (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासण्याची) खूण चालू ठेवा आणि निदान दर पाचवी प्रत दुसऱ्या प्लेअरमध्ये घालून शेवटचं प्रकरण बघा. सुरुवात बघून काही कळत नाही.

आणखी एक. मी आता प्रत्येक डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने बारीक क्रमांक घालतो आणि कुठला क्रमांक कोणत्या डब्यातला, किती वेगाने लिहिला हे वहीत टिपतो. फोन आला की पहिला प्रश्न, ‘कड्यावर आकडा काय आहे?’